140 माणसांचं होलाशोवित्से: ना किल्ला ना राजवाडा, तरी जागतिक वारसा कसं झालं?

चेक रिपब्लिक म्हटलं की आपल्याकडे लोकांना प्राग आठवतं, फार तर चेस्की क्रुमलोव, आणि टूरवालेसुद्धा तेवढंच दाखवून बस पुढे व्हिएन्नाकडे वळवतात. पण क्रुमलोवपासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर होलाशोवित्से नावाचं एक खेडं आहे, लोकवस्ती 140 च्या आसपास, कारभारसुद्धा स्वतःचा नाही, यान्कोव नावाच्या शेजारच्या गावाखाली ते येतं. आणि हे एवढंसं खेडं 1998 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. किल्ला नाही, राजवाडा नाही, मोठं चर्च पण नाही, मग यादीत गेलं कसं?

घरं सुंदर आहेत म्हणून, असं उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते खोटं नाही, घरं खरंच सुंदर आहेत. पण माझ्या मते ते अर्धंच उत्तर आहे, कारण असली रंगीत नक्षीदार घरं दक्षिण बोहेमियात इतरही खेड्यांत आहेत. होलाशोवित्सेचं वेगळेपण असं की तिथे अख्खं गाव टिकलंय, म्हणजे घरं, त्यांची अंगणं, मागची धान्याची कोठारं, मधलं मैदान, तळं आणि या सगळ्याची मांडणी. ती मांडणी मध्ययुगातली आहे. आणि ती टिकली त्यामागे बऱ्याच दुःखाचा इतिहास आहे, तो कळल्याशिवाय हे गाव कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी जागा कुठे ते बघू. चेक रिपब्लिकच्या दक्षिणेला, ऑस्ट्रियाच्या बाजूला, दक्षिण बोहेमिया हा भाग येतो. तिथलं मुख्य शहर चेस्के बुद्येयोवित्से, बिअरमुळे जगाला माहीत असलेलं. त्याच्या पश्चिमेला पंधरा-सतरा किलोमीटरवर होलाशोवित्से. हा सगळा सपाट, पाणथळ प्रदेश आहे, जिकडे बघाल तिकडे माणसांनी बांधलेली तळी, कारण इथे शेकडो वर्षांपासून कार्प मासा पाळतात आणि चेक लोकांचं ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचं जेवण या माशाशिवाय होत नाही. गावाच्या दक्षिणेला मात्र जमीन वर चढायला लागते, ब्लान्स्की लेस नावाची जंगलाची टेकाडं सुरू होतात आणि त्यातलं सगळ्यात उंच शिखर क्लेत्, 1084 मीटर. म्हणजे एका बाजूला सपाट शेती, दुसऱ्या बाजूला जंगल, लाकूड जवळ, पाणी जवळ, बाजारपेठेचं शहर एका दिवसात बैलगाडीने जाऊन येण्याच्या अंतरावर. शेतकऱ्याला आणखी काय हवं.

आता इतिहास. तेराव्या शतकात बोहेमियाच्या राजांनी आणि मोठ्या सरदारांनी दक्षिणेकडची जंगलं तोडून नवी गावं बसवायचा सपाटा लावला होता. चेस्के बुद्येयोवित्से शहर 1265 साली राजा प्शेमिस्ल ओताकार दुसरा याने वसवलं. त्याच्या थोडं आधी, 1259 मध्ये, रोझम्बेर्क घराण्यातल्या वोक नावाच्या सरदाराने ऑस्ट्रियाच्या हद्दीजवळ विश्शी ब्रोद इथे सिस्टर्शियन पंथाचा मठ काढला. आणि 1292 साली राजा वात्सलाव दुसरा याने होलाशोवित्से आणि आजूबाजूची काही गावं या मठाला देऊन टाकली. गावं देऊन टाकली म्हणजे जमीन, तिथली माणसं, त्यांची कामाची सक्ती, धान्यातला वाटा, सगळंच. ही मालकी थोडीथोडकी नाही, 1848 पर्यंत राहिली, साडेपाचशे वर्षं एकच मालक! गावाची मांडणी बदलली नाही त्याचं एक मोठं कारण मला हेच वाटतं, कारण मालक बदलला की जमिनीच्या वाटण्या बदलतात, इथे मठाच्या वहीत कोणाचं शेत कुठून कुठे हे पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलं.

पण मधे एक भयानक गोष्ट झाली. 1520 ते 1525 च्या दरम्यान इथे प्लेग आला आणि अख्ख्या गावात फक्त दोन माणसं वाचली. दोन! मेलेल्यांना गावाच्या उत्तरेच्या भागात पुरलं आणि तिथे आठवण म्हणून प्लेगचा स्तंभ उभारला. गाव तिथेच संपलं असतं, युरोपात प्लेगने आणि लढायांनी अशी कितीतरी गावं नकाशावरून गेलीत. पण मठाला गाव रिकामं ठेवणं परवडणारं नव्हतं, शेत कसलं गेलं नाही तर वसूल कोणाकडून करणार, म्हणून त्यांनी बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून जर्मन बोलणारे शेतकरी आणून तिथे वसवायला सुरुवात केली. 1530 पर्यंत गावात 17 माणसं झाल्याची नोंद आहे. इथून पुढची चारशे वर्षं होलाशोवित्से हे चेक प्रदेशातलं, पण जर्मन बोलणाऱ्यांचं गाव होतं. 1895 च्या नोंदीत 157 जर्मन आणि 19 चेक असा हिशोब दिसतो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता गावाची मांडणी. मधोमध एक लांबट मैदान, साधारण 210 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. चेक लोक याला नावेस म्हणतात, गावाचा चौक समजा, पण हिरवळीचा. मैदानात एक तळं, एक चॅपल म्हणजे छोटं प्रार्थनाघर, एक लोहाराचं दुकान. आणि मैदानाच्या कडेने शेतकऱ्यांची घरं, एकूण 23 शेतघरं, सगळ्यांची तोंडं मैदानाकडे. प्रत्येकाची जागा अरुंद पण मागे खूप लांब गेलेली: आधी घर, मग अंगण, मग मागे धान्याचं मोठं कोठार, त्यामागे बाग आणि त्याच्या पुढे शेताच्या पट्ट्या. म्हणजे प्रत्येकाला मैदानाचा, तळ्याचा थोडा थोडा वाटा आणि प्रत्येकाला आपल्या मागच्या दारातून थेट शेतात जायची सोय. कोणाला दुसऱ्याच्या जागेतून बैल न्यावे लागत नाहीत, त्यामुळे भांडणाचं एक मोठं कारण आधीच मिटलेलं. एकोणिसाव्या शतकात, बोहेमिया ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता तेव्हा, ऑस्ट्रियाच्या सरकारने सगळ्या बोहेमियाची जमीन मोजणी करून गावोगावचे नकाशे काढले होते, त्या नकाशातलं होलाशोवित्से आणि आजचं होलाशोवित्से जवळपास एकमेकांवर बसतं. मैदानातलं तळंसुद्धा शोभेचं नव्हतं बरं का, गुरांना पाणी, बदकं आणि मुख्य म्हणजे आग लागली तर हाताशी पाणी, कारण लाकडी घरं आणि गवताची छपरं असलेल्या काळात एका घराला लागलेली आग गावभर व्हायला वेळ लागत नसे.

एक शेतघर जवळून बघू. समोरून तुम्हाला दोन त्रिकोणी माथ्याच्या भिंती शेजारी शेजारी दिसतात आणि मधे त्यांना जोडणारी एक भिंत, त्यात एक मोठी कमान गाडी आत जायला आणि तिच्या शेजारी एक छोटं दार माणसांना. आपल्या वाड्यांना जसा मोठा दरवाजा आणि रोजच्या येण्याजाण्याला दिंडी असायची, काम तेच. आत गेलं की अंगण, तीन बाजूंनी बांधकाम. एका बाजूला राहायचं घर, त्यात मधे आत शिरायची खोली, मैदानाच्या बाजूला मुख्य खोली जिथे चूल आणि भट्टी असायची आणि सगळं घर तिथेच जेवायचं, झोपायचं, आणि मागच्या बाजूला साठवणीची खोली. त्याच रांगेत पुढे गोठा. समोरच्या बाजूला धान्याची कोठी. आणि सगळ्यात मागे आडवं पसरलेलं मळणीचं कोठार, ते अंगणाला मागून बंद करून टाकतं.

कोठीच्या बाजूला पुष्कळ ठिकाणी एक छोटं घर असायचं, आणि मला सगळ्या गावात ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. ते म्हाताऱ्या आईबापांचं. चेक आणि ऑस्ट्रियन खेड्यांत पद्धत अशी होती की बाप थकला की जिवंतपणीच शेत एका मुलाच्या नावावर करायचा आणि आपण बायकोला घेऊन समोरच्या त्या छोट्या घरात राहायला जायचा. पण हे भरवशावर सोडलेलं नसायचं, रीतसर करार व्हायचा, लेखी. मुलाने वर्षाला आईबापांना किती राय (गव्हासारखं एक धान्य) द्यायची, किती दूध, किती अंडी, जळणाला किती लाकूड, बागेतल्या कुठल्या झाडांची फळं त्यांची, हे सगळं त्यात लिहिलेलं. कोणाला हे कोरडं वाटेल, आईबापाला दूध द्यायला करार कशाला, पण मला उलट त्यात फार शहाणपण दिसतं. म्हाताऱ्यांना मागावं लागत नव्हतं, त्यांचा हक्क कागदावर होता, राहायला स्वतःचं दार होतं आणि तरी नातवंडं अंगणात समोरच. जमीन तुकडे न होता एकाच्या हातात जायची, बाकीच्या भावंडांना पैसे देऊन किंवा लग्नं करून देऊन मोकळं करायचं. म्हणून तर या जागा शेकडो वर्षं तुटल्या नाहीत. गावाची मांडणी टिकली म्हणतो त्यामागे हा घरातला व्यवहार आहे, नुसता राजाचा हुकूम नाही.

आता त्या प्रसिद्ध दर्शनी भिंतींकडे येऊ. तिथे या शैलीला सेल्स्के बारोको म्हणतात, म्हणजे शेतकऱ्यांचं बरोक. बरोक ही खरं तर चर्च आणि राजवाड्यांची शैली, सतराव्या-अठराव्या शतकातली: वळणदार रेषा, लपेटे, भरपूर नक्षी. शहरात ती अठराव्या शतकाच्या शेवटी जुनी झाली, लोक सरळ रेषांच्या बांधकामाकडे वळले. पण खेड्यात ती तिथून पुढे फुलली, पार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत. गवंडी गावातले, आसपासचे, ज्यांनी चर्चची, मठांची, सरदारांच्या वाड्यांची कामं बघितली होती किंवा तिथे हात लावला होता, त्यांनी ती नक्षी शेतकऱ्याच्या घराच्या त्रिकोणी माथ्यावर आणली. आणि आणताना तशीच उचलली नाही, आपल्या हाताने, आपल्या मापाने केली. म्हणून कुठे माथा घंटेच्या आकाराचा, कुठे बाजूने लाटेसारखा आत-बाहेर जाणारा, कुठे सरळ त्रिकोण, आणि रंग गुलाबी, पिवळा, फिकट हिरवा, निळसर, त्यावर पांढऱ्या चुन्याच्या फुलांची, वेलींची, पट्ट्यांची नक्षी. जवळ जाऊन वर बघितलं तर बऱ्याच भिंतींवर बांधल्याचं साल लिहिलेलं दिसतं, कधी मालकाच्या नावाची आद्याक्षरं, कधी एखादं धार्मिक चिन्ह. दोन घरं एकसारखी नाहीत आणि तरी रांगेत एकही घर बाहेर पडलेलं वाटत नाही, हे कसं साधलं असेल याचं मला फार कौतुक वाटतं, कारण आर्किटेक्ट कोणी नव्हता, एकाने केलं ते बघून शेजाऱ्याने त्याच्यापेक्षा जरा वेगळं केलं, असं होत होत गाव झालं.

पण शेतकऱ्याकडे एवढा पैसा आला कुठून? इथे थोडं अर्थकारण बघावं लागतं. मठाच्या जमिनीवरच्या शेतकऱ्याला वेठबिगारी होती, म्हणजे आठवड्यातले काही दिवस मालकाच्या शेतावर फुकट राबायचं. 1775 मध्ये मारिया थेरेसा राणीने त्याला मर्यादा घातली, जास्तीत जास्त 3 दिवस आठवड्याला. आता 3 दिवस ही सवलत होती यावरून आधी काय असेल ते समजा. 1781 मध्ये तिच्या मुलाने, सम्राट जोसेफ दुसरा याने, शेतकऱ्याला मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडायची, लग्न करायची, मुलांना धंदा शिकवायची मोकळीक दिली. आणि 1848 च्या क्रांतीत वेठबिगारी कायमची गेली, जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली. फुकट नाही, जी भरपाई ठरली त्यातला एक भाग शेतकऱ्याने भरला, एक सरकारने, आणि उरलेला मालकाने सोडला. पण त्यानंतर पिकलेलं सगळं आपलं. त्यात बाजार सुधारत होता, चेस्के बुद्येयोवित्सेहून ऑस्ट्रियातल्या लिंझपर्यंत घोड्यांनी ओढायची रेल्वे 1832 मध्येच पूर्ण झाली होती, मुख्यतः मिठासाठी. हातात पैसा आला आणि पिढ्यान्‌पिढ्या मठासाठी राबलेल्या माणसाने पहिल्यांदा स्वतःच्या घराला चर्चसारखा माथा बांधला आणि त्यावर आपलं नाव घातलं. त्या भिंती मी नुसत्या गोड-सुंदर म्हणून बघूच शकत नाही, ती माणसं जगाला सांगत होती की आता हे आमचं आहे.

आणि मग विसावं शतक. हा भाग सांगायला जड आहे. 1939 मध्ये हिटलरने उरलासुरला चेक प्रदेशही गिळला, सहा वर्षं चेक लोकांनी फार सोसलं, आणि 1945 मध्ये युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियाने देशातल्या जर्मन बोलणाऱ्या लोकांना घालवून दिलं, 1945-46 या काळात जवळजवळ 30 लाख माणसं. त्यात होलाशोवित्सेचे जर्मन शेतकरीपण गेले. 157 विरुद्ध 19 चा तो हिशोब आठवा, म्हणजे गावातलं किती रिकामं झालं असेल ते कळेल. काही घरांत नवे चेक लोक आले, पण बरीच शेतघरं ओस पडली. त्यात 1948 मध्ये कम्युनिस्ट राजवट आली, शेती सामूहिक झाली, स्वतःचं शेत नाही म्हटल्यावर स्वतःचं कोठार, गोठा, मळणीची जागा यांचा उपयोगच संपला. छपरं गळायला लागली, गिलावा पडायला लागला.

आणि इथेच गंमत नाही म्हणणार मी, पण विचित्र गोष्ट घडली. देशातल्या इतर खेड्यांत साठ-सत्तरच्या दशकात लोकांकडे थोडा पैसा आला तेव्हा त्यांनी जुन्या घरांचं आधुनिकीकरण केलं: छोट्या खिडक्या फोडून रुंद खिडक्या बसवल्या, नक्षी खरवडून करडा सिमेंटसारखा गिलावा मारला, काहींनी पाडून सपाट छपराचे चौकोनी बंगले बांधले. त्यांना दोष देत नाही, अंधाऱ्या दमट घरात कोणाला राहायचंय. होलाशोवित्सेत तसं करायला पुरेशी माणसंच नव्हती. ज्यांनी पाडून नवं बांधलं असतं ते लोक घालवून दिलेले होते. गाव मोडकळीला आलं पण बदललं नाही. आज आपण जे अखंड गाव बघतो त्याची किंमत त्या घालवून दिलेल्या कुटुंबांनी भरलीय, आणि माहिती देताना हा भाग एका ओळीत उरकणारे लेख वाचले की मला वाईट वाटतं.

1989 मध्ये राजवट पडली आणि 1990 पासून लोक पुन्हा तिथे राहायला येऊ लागले, घरं दुरुस्त व्हायला लागली. 1995 मध्ये गावाला देशपातळीवर संरक्षण मिळालं आणि 1998 मध्ये जपानमधल्या क्योटोत झालेल्या युनेस्कोच्या बैठकीत ते जागतिक वारसा यादीत आलं. युनेस्कोने दोन कारणं मान्य केली. एक म्हणजे दोन वेगवेगळ्या ग्रामीण बांधकामाच्या परंपरा इथे एकत्र येऊन नवी टिकाऊ शैली तयार झाली, आणि दुसरं म्हणजे मध्य युरोपातलं जुनं खेडं कसं असतं याचा इतका पूर्ण नमुना दुसरीकडे सापडणं अवघड. म्हणजे बक्षीस एका इमारतीला नाही, गावाच्या पूर्णपणाला आहे. संरक्षण म्हटलं की बंधनं पण येतात, घरमालकाला खिडकी, छप्पर, रंग मनाला येईल तसा बदलता येत नाही. राहणाऱ्यांना त्याचा त्रास असणारच, आणि तरी ते राहतात, पडदे लावतात, कुंड्या ठेवतात, त्यामुळे गाव म्युझियम झालेलं नाही.

बघायचं काय? खरं सांगायचं तर मैदानाला एक फेरी, सावकाश. चॅपल 1755 चं आहे, संत यान नेपोमुकचं, घंटेच्या आकाराचा माथा आणि वर छोटा मनोरा. हा संत म्हणजे 1393 मध्ये राजाच्या आणि आर्चबिशपच्या भांडणात बळी पडलेला धर्मगुरू, त्याला प्रागमध्ये व्लतावा नदीत बुडवून मारलं, आणि राणीने कबुलीजबाबात सांगितलेलं गुपित त्याने राजाला सांगितलं नाही म्हणून मारलं अशी दंतकथा पुढे झाली. 1729 मध्ये त्याला संतपद मिळालं आणि मग बोहेमियात पुलापुलावर, गावागावात तो उभा राहिला, डोक्याभोवती पाच तारे दिसले की समजायचं हाच. होलाशोवित्सेचं चॅपल त्याच लाटेतलं. चॅपलनंतर लोहाराचं दुकान, मग उत्तरेकडचा भाग जिथे प्लेगचे लोक पुरले. एका शेतघरात जुनी अवजारं आणि घरातल्या वस्तू मांडलेल्या आहेत, तिथे आत जाऊन अंगण कसं असतं ते बघता येतं. ते चुकवू नका, कारण बाहेरून फक्त भिंत दिसते आणि गावाची खरी अक्कल अंगणात आहे. बाकीची दारं बंद असतील तर ती लोकांची राहती घरं आहेत, फटीतून कॅमेरा घालू नये.

गावाबाहेर एक दगडांचं वर्तुळ आहे, उभे मोठे दगड, इंग्लंडच्या स्टोनहेंजसारखं. बरेच लोक ते प्राचीन समजतात, पण ते 2008 मध्ये पूर्ण झालेलं आहे. वेळ असेल तर बघा, पण गावाच्या वाटचा वेळ त्याला देऊ नका.

जायचं कसं: प्रागहून चेस्के बुद्येयोवित्सेला ट्रेनने दोन-अडीच तास, तिथून बस. बस मोजक्याच आहेत आणि शनिवार-रविवारी आणखी कमी, त्यामुळे परतीची बस आधी बघून मगच निघा, नाहीतर टॅक्सी किंवा भाड्याची गाडी. जुलैमध्ये शेतकऱ्यांचा मेळा भरतो, कुंभार, लोहार, विणकर आपापली दुकानं मांडतात, गाणी-नाच असतात, पण गर्दी इतकी होते की त्या 210 मीटरच्या मैदानात घरं नीट दिसणार नाहीत. घरांसाठी जायचं असेल तर मे, जून किंवा सप्टेंबर, आणि शक्यतो सकाळी किंवा उशिरा दुपारी, कारण मैदान लांबट असल्यामुळे एका रांगेवर ऊन असतं तेव्हा दुसरी सावलीत असते, आणि दोन्ही रांगांची नक्षी बघायची तर मधे दोन-तीन तास काढावेच लागतात. तेवढ्यात गावातल्या खानावळीत जेवण होतं. मासे खात असाल तर कार्प मागवा, आसपासच्या तळ्यांतला असण्याची शक्यता भरपूर, पण काटे खूप असतात, घाई करू नका.